माऊस जीएम-सीएसएफ 'काम करून नाही राहिलं' म्हणता तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्याच एका लॅबमधली पीएचडीची मुलगी आहे, उंदराच्या बोन मॅरोपासून (अस्थिमज्जेपासून) डेन्ड्रायटिक सेल्स, म्हणजे टी सेल्सना बाहेरच्या वस्तूचा तुकडा (अँटिजेन) दाखवणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, बनवून राहिली. त्यांना वाढायला लावणारं सायटोकाइन (पेशींमधलं निरोप्या प्रोटीन) म्हणजे जीएम-सीएसएफ. रिकॉम्बिनंट, म्हणजे लॅबमध्ये बनवलेल्या, माऊस जीएम-सीएसएफची १० मायक्रोग्रॅमची वायल घेतली, फेब्रुवारीत पहिली बॅच टाकली, मस्त आली, सीडी११सी (डेन्ड्रायटिक सेलची खूण) असलेल्या सेल्स सत्तर टक्क्यांच्या वर. तीच वायल, तोच प्रोटोकॉल, मे महिन्यात दुसरी बॅच टाकली तर सेल्स अर्ध्याहून कमी अन् सीडी११सी जेमतेम तीस टक्के. सिनियर म्हणतात डोस दर मिलीला २० वरून १०० नॅनोग्रॅम कर, कंपनीचा माणूस म्हणतो नवीन वायल घ्या, अन् फ्रीजरमध्ये कोणाची तरी ह्युमन जीएम-सीएसएफ पडून आहे ती वापरू का, असं ती विचारते.

आधी शेवटचंच सांगून टाकतो, नाहीतर तू ती वापरून मोकळी होशील. नको वापरू. माणसाचं जीएम-सीएसएफ उंदराच्या सेलवरच्या रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या प्रोटीनला) धरतच नाही, उलटंही तेच. मी स्वतः हा उद्योग केलेला आहे, खूप वर्षांआधी, तेव्हा वाटलं होतं की सायटोकाइन ते सायटोकाइन, थोडं कमी चालेल पण चालेल ना. सात दिवस रोज सकाळी मायक्रोस्कोपखाली पाहायचो अन् रोज प्लेट जास्तच स्वच्छ दिसायची, सातव्या दिवशी तर इतकी स्वच्छ की धुतलेल्या ताटासारखी. गोंधळ यामुळे होतो की काही सायटोकाइन्स खरंच चालतात. माणसाचं आयएल-२ उंदराच्या टी सेल्सवर बिनधास्त चालतं, माणसाचं एम-सीएसएफ चालतं, फ्लिट-३ लिगँडही चालतं. पण जीएम-सीएसएफ, आयएल-३, आयएल-४ अन् इंटरफेरॉन गॅमा, ही चार नावं भिंतीवर लिहून ठेव, इथे उंदराला उंदराचंच लागतं.

आता डोस. सिनियरचं म्हणणं ऐकायला बरं वाटतं पण त्यामागे एक गैरसमज आहे, की २० नॅनोग्रॅम म्हणजे २० नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम हे वजन आहे, काम नाही. हे प्रोटीन बहुतेक वेळा ई. कोलाय या जिवाणूत बनवतात, १२४ अमिनो आम्लांची साखळी, साधारण १४ किलोडाल्टन. उंदराच्या अंगात बनतं त्यावर साखरेच्या साखळ्या चिकटलेल्या असतात म्हणून ते जास्त जड भरतं, पण त्या साखरेवाचून कल्चरमधलं काम अडत नाही. अडचण दुसरीच आहे. ई. कोलायमध्ये हे प्रोटीन बऱ्याचदा गोळा होऊन बसतं, मग ते विरघळवून पुन्हा नीट घडी घालावी लागते, आत दोन डायसल्फाइड बंध (गंधकाचे टाके) आहेत ते बरोबर जागी जुळावे लागतात. चुकीची घडी बसलेलं प्रोटीन जेलवर सारख्याच जागी दिसतं, वजनही तेवढंच, फक्त सेलला ते ओळखू येत नाही. म्हणून सर्टिफिकेटवर शुद्धता ९५ टक्के अन् ९८ टक्के यात जीव अडकवण्यापेक्षा ईडी-५० चा आकडा पाहा. ईडी-५० म्हणजे ज्या प्रमाणात सेल्सची वाढ अर्ध्या उंचीला पोचते ते प्रमाण, माऊस जीएम-सीएसएफसाठी बहुतेक जण एफडीसी-पी१ नावाच्या सेल लाइनवर काढतात. दहा लाखाला त्या आकड्याने भागलं, म्हणजे ईडी-५० नॅनोग्रॅम प्रति मिलीमध्ये धरून, की एका मिलिग्रॅममध्ये किती युनिट ते निघतं.

उदाहरण करून दाखवतो. एका लॉटचा ईडी-५० ०.१ आहे, म्हणजे मिलिग्रॅमला एक कोटी युनिट, म्हणजे नॅनोग्रॅमला १० युनिट, म्हणजे २० नॅनोग्रॅमला २०० युनिट. मॅन्फ्रेड लुट्झ यांच्या १९९९ च्या पद्धतीत, जी आपण सगळेच कमीजास्त करून वापरतो, हेच २०० युनिट प्रति मिली आहे. आता दुसऱ्या लॉटचा ईडी-५० ०.०२ असला तर त्याच २० नॅनोग्रॅममध्ये १००० युनिट झाले, पाचपट. तू म्हणशील मी तर काहीच बदललं नाही, अन् खरंच तुझ्या वहीत काही बदललेलं दिसणार नाही. (दोन कंपन्यांचे ईडी-५० मात्र एकमेकांशी डोळे झाकून ताडू नको, प्रत्येकाची सेल लाइन अन् मोजायची रीत वेगळी असते. एकाच कंपनीचे दोन लॉट ताडायला ठीक.)

अन् १०० नॅनोग्रॅम टाकून काय होईल? काहीच नाही, म्हणजे प्रोटीन चांगलं असेल तर काहीच नाही. रिसेप्टर भरले की भरले, त्यावर ओतलेलं सगळं मीडियासोबत सिंकमध्ये जातं. प्रोटीन अर्धं मेलेलं असेल तर जास्त टाकून त्या वेळेपुरतं भागेल, पण किती मेलं ते माहीत नसल्यामुळे पुढच्या बॅचला काय टाकायचं तेही माहीत नसणार, अन् तीन महिन्यांनी तुझे प्रयोग एकमेकांशी जुळणार नाहीत. उलट बाजूही आहे, खूप कमी डोसमध्ये बनलेल्या डेन्ड्रायटिक सेल्स कच्च्याच राहतात, एलपीएस (जिवाणूंच्या भिंतीतला, सेल्सना जागं करणारा पदार्थ) दिलं तरी पिकायला तयार नसतात. म्हणजे डोस हा फक्त सेल्स किती होतील याचा प्रश्न नाही, कशा होतील याचाही आहे.

आता तुझी वायल. तू लिहिलं की कंपनीने सांगितल्याप्रमाणे विरघळवून 'फ्रीजरमध्ये ठेवली', अन् 'लागेल तशी काढली'. या दोन वाक्यांत अर्ध उत्तर आहे.

वायल आली की पहिली गोष्ट, ती उघडू नको. पावडर डोळ्याला दिसत नाही इतकी कमी असते, १० मायक्रोग्रॅम म्हणजे काही दिसण्यासारखी गोष्टच नाही, अन् कुरियरवाल्याने हलवत हलवत आणलेली, त्यामुळे अर्धी झाकणाला चिकटलेली असू शकते. फ्रीजरमधून काढून आधी खोलीच्या तापमानाला येऊ दे, थंड वायल जुलैच्या दमट हवेत उघडली की आत दव धरतं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये जरासं फिरव, मग उघड. १०० मायक्रोलिटर घाल, काय घालायचं ते डेटाशीटवर असतं, कोणी पाणी म्हणतं कोणी पीबीएस (मिठाचं बफर), ते पाळ. भिंतीवरून हळू सोड, पाच-दहा मिनिटं बसू दे, बोटांत धरून हलकेच फिरव. व्होर्टेक्स करायचं नाही. फेस आला की समज काही प्रोटीन त्या फेसात कामातून गेलं.

दुसरं म्हणजे ०.१ टक्का बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन). कंपनीने आधीच घातलं असेल तर ठीक, कॅरियर-फ्री, म्हणजे बीएसए न घातलेलं, घेतलं असेल तर तुला घालावं लागेल. इतक्या पातळ द्रावणात प्रोटीन प्लास्टिकला चिकटतं, ट्यूबच्या भिंती त्याला खाऊन टाकतात म्हण ना, अन् बीएसए त्या भिंती आधीच भरून ठेवतं. कॅरियर-फ्री उंदराला टोचायला किंवा रंग जोडायला घ्यावं, साध्या कल्चरला अन् एलायझाच्या स्टँडर्डला बीएसएवालंच बरं. अन् कृपा करून विरघळवलेलं सायटोकाइन ०.२२ च्या फिल्टरमधून गाळू नको. मी गाळलं होतं, निर्जंतुक असावं म्हणून. शंभर मायक्रोलिटर आत गेले, साठ बाहेर आले, अन् त्या साठात काय उरलं होतं ते देवाला माहीत. बीएसएचं द्रावण आधी गाळून घ्यायचं अन् त्यात स्टॉक बनवायचा, काम स्वच्छ हूडमध्ये करायचं, एवढं पुरतं.

आता अलिकोट, म्हणजे एकेकदा वापरायचे छोटे वाटे. मी हे असं करतो अन् माझ्या सगळ्या पोरांना असंच करायला लावतो. १०० मायक्रोलिटरमध्ये १० मायक्रोग्रॅम म्हणजे मायक्रोलिटरला १०० नॅनोग्रॅम. दहा-दहा मायक्रोलिटरच्या दहा ट्यूब करायच्या, पीसीआरच्या छोट्या ट्यूब चालतात, प्रत्येकीत १ मायक्रोग्रॅम. एक ट्यूब ५० मिली मीडियात टाकली की बरोबर २० नॅनोग्रॅम प्रति मिली. बस. दोन मायक्रोलिटर पिपेटने मोजायची कसरत नाही, उरलेलं परत फ्रीजरमध्ये ठेवायचा मोह नाही, टिपने ट्यूब दोनदा धुवून सगळं मीडियात घालायचं अन् ट्यूब फेकायची. ज्या दिवशी मीडिया बदलायचा त्याच दिवशी एक ट्यूब काढायची. एका १०० मिमीच्या प्लेटला सुरुवातीला १० मिली, तिसऱ्या दिवशी आणखी १० मिली, सहाव्या दिवशी अर्धा काढून १० मिली ताजा, म्हणजे सातव्या-आठव्या दिवशी काढणार असशील तर प्लेटमागे ६०० नॅनोग्रॅम. पाच प्लेटचा प्रयोग म्हणजे तीन ट्यूब. दहा ट्यूबमध्ये असे तीन प्रयोग होतात अन् एक ट्यूब पुढे सांगतो त्या तपासणीला.

ठेवायचं मायनस ८० मध्ये. मायनस २० चाच असेल तर तो फ्रॉस्ट-फ्री नसावा, कारण फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर बर्फ साचू नये म्हणून स्वतःला अधूनमधून गरम करतो, अन् तुझी दहा मायक्रोलिटरची ट्यूब दर वेळेस थोडी वितळते-गोठते. तू तर एकाच ट्यूबमधून फेब्रुवारी ते मे 'लागेल तशी काढली', म्हणजे किती वेळा वितळली ते मोज. मधल्या काळात लाइट किती वेळा गेली तेही मोज, जनरेटरवर कोणता फ्रीजर आहे अन् कोणता नाही हे लॅबमध्ये विचारून पाहा, अर्ध्या लोकांना माहीत नसतं.

एक मात्र सांगतो, कुरियरची काळजी उगाच करू नका. मे महिन्यात पार्सल ४५ डिग्रीत डब्यासारखं तापून आलं, आइस पॅक कोमट, की पोरं रडकुंडीला येतात. विरघळवायच्या आधीची सुकी पावडर बऱ्यापैकी दणकट असते, बहुतेक कंपन्या ती साध्या तापमानालाच पाठवतात. डेटाशीट पाहून घ्यावी, पण प्रोटीन मरतं ते बहुतेक पाणी लागल्यावर, म्हणजे आपल्या हातात आल्यावर.

इतकं सगळं वायलीबद्दल बोललो पण खरं सांगू का, तुझा प्रश्न वाचून मला पहिला संशय वायलीचा आलाच नाही. फेब्रुवारीत चाललं, मेमध्ये नाही. नागपुरात.

तुझा सीओटू इन्क्युबेटर ३७ वर सेट आहे, बरोबर. पण साध्या इन्क्युबेटरमध्ये फक्त हीटर असतो, थंड करायची सोय नसते. तो खोलीपेक्षा गरम राहू शकतो, खोलीपेक्षा थंड नाही. आतला पंखा अन् दाराचा हीटरही स्वतःची गरमी टाकतातच, म्हणून खोली ३७ च्या पाचेक डिग्री खाली असली तरच तो ३७ नीट धरतो. दिवसा एसी चालू असतो, २५-२६, सगळं ठीक. शनिवारी दुपारी वॉचमन किंवा ऑफिसवाले 'कोणी नाही' म्हणून एसी बंद करतात, खोली दुपारी चारला चाळीसच्या आसपास जाते, अन् आत तुझ्या सेल्स ४१ मध्ये उकडून राहतात. सोमवारी सकाळी तू येतेस, एसी चालू होतो, दहा वाजता डिस्प्लेवर ३७.० झळकतं, सगळं गोड. अलार्म वाजला असेल तर तो ऐकायला खोलीत कोणी नव्हतं.

हे मी कल्पनेतून सांगून नाही राहिलो. आमच्याकडे एका वर्षी एप्रिल ते जून एकाही मुलाचं प्रायमरी कल्चर (थेट प्राण्यातून काढलेल्या सेल्सचं) धड आलं नाही, सेल लाइन मात्र कशाबशा जगत होत्या म्हणून इन्क्युबेटरवर कोणाचं लक्षच गेलं नाही. दोन लॉट जीएम-सीएसएफ बदलले, एफबीएस (मीडियात घालायचं वासराचं सीरम) बदललं, एकाने तर उंदरांचा पिंजरा बदलला. शेवटी आमच्या अटेंडंट काकांनी म्हटलं, सर, रविवारी मी चाबी घ्यायला आलो होतो तर त्या मशिनीचं काच आतून भट्टीसारखं होतं. काका दहावी नापास आहेत, अन् आम्ही सगळे पीएचडी.

त्यात आपला कूलर. एसी बंद पडला की कोणीतरी खोलीत कूलर आणून लावतो, वाळ्याचा वास मस्त येतो, पण त्या टाकीतलं पाणी अन् गवताच्या ताट्या म्हणजे बुरशीची नर्सरी आहे अन् पंखा ती सगळी हूडच्या तोंडावर मारतो. कल्चर रूममध्ये कूलर नको म्हणजे नको, बाहेर पॅसेजमध्येही दाराकडे तोंड करून नको.

तीस टक्क्यांबद्दल एक वेगळं. ते तीस टक्के कशातले आहेत ते पाहिलं का? बोन मॅरोच्या कल्चरमध्ये तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी ग्रॅन्युलोसाइट्सची (दुसऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींची) असते. त्या हळूहळू मरतात, मीडिया बदलताना वाहून जातात, मधल्या काळात डेन्ड्रायटिक सेल्सचे सैल चिकटलेले, द्राक्षांच्या घडासारखे गुच्छ वाढतात. सहाव्या दिवसाचा मीडिया बदल चुकवला किंवा पाचव्याच दिवशी काढलं तर ट्यूबमध्ये ग्रॅन्युलोसाइट्सच भरलेल्या. एलवाय६जी चं (ग्रॅन्युलोसाइट्सच्या खुणेचं) स्टेनिंग सोबत टाक, लगेच कळेल. प्लेट कोणती वापरली तेही पाहा, लुट्झच्या पद्धतीत बॅक्टेरियाची साधी पेट्री डिश आहे, टिश्यू कल्चरची प्लेट घेतली तर मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पेशी) घट्ट चिकटून वाढतात अन् हिशोब बदलतो. प्लेटला २० लाख सेल्स, ५० मायक्रोमोलर मर्कॅप्टोइथेनॉल, १० टक्के एफबीएस, अन् एफबीएसचा लॉट फेब्रुवारीत होता तोच होता का? मर्कॅप्टोइथेनॉल बाटलीतून वासाने ओळखून 'आहे' म्हणू नको, पातळ केलेलं महिनोन् महिने टिकत नाही.

अन् सत्तर टक्के आले तरी त्या सगळ्या एकाच जातीच्या आहेत असं मनात धरू नको. २०१५ मध्ये हेल्फ्ट अन् सहकाऱ्यांनी दाखवलं की जीएम-सीएसएफच्या कल्चरमधल्या सीडी११सी अन् एमएचसी-२ (अँटिजेन दाखवणारं प्रोटीन) दोन्ही असलेल्या सेल्समध्येही एक गट मॅक्रोफेजसारखा अन् एक डेन्ड्रायटिक सेलसारखा आहे. याचा अर्थ पद्धत वाईट आहे असं नाही, इनाबा अन् स्टाइनमन यांनी १९९२ मध्ये ती काढली नसती तर आपण प्लीहेतून मूठभर सेल्स वेचत बसलो असतो. पण थिसिसमध्ये 'शुद्ध डेन्ड्रायटिक सेल्स' लिहिशील तर व्हायवाला कोणीतरी पकडेलच. तुला शरीरातल्यासारखे वेगवेगळे प्रकार हवे असतील तर फ्लिट-३ लिगँड, आठ-नऊ दिवस, सेल्स कमी मिळतात अन् खर्च जास्त. तुझा प्रश्न टी सेलला अँटिजेन दाखवण्याचा असेल तर जीएम-सीएसएफ पुरतं.

स्वस्तातला मार्गही विचारतात लोक, म्हणून दोन शब्द. जीएम-सीएसएफ सोडणाऱ्या बदललेल्या सेल लाइन्स आहेत, एक्स६३ अन् जे५५८एल वरच्या, त्यांच्या कल्चरचं वरचं पाणी वापरता येतं, दर बॅचला टायट्रेट करावं लागतं, म्हणजे किती पुरतं ते मोजावं लागतं. एल९२९ सेल लाइनचं पाणी मात्र यासाठी नाही, त्यात एम-सीएसएफ असतं अन् त्याने मॅक्रोफेज बनतात. ही गल्लत मी दोन लॅबमध्ये पाहिली आहे.

एन्डोटॉक्सिनबद्दल, म्हणजे त्याच एलपीएसबद्दल, भीती जास्त अन् गणित कमी. ई. कोलायचं प्रोटीन म्हणजे सोबत एलपीएस येणारच. सर्टिफिकेटवर मायक्रोग्रॅमला १ ईयूपेक्षा (एन्डोटॉक्सिन युनिटपेक्षा) कमी असं लिहिलेलं असलं तर २० नॅनोग्रॅममध्ये ०.०२ ईयू प्रति मिली, १ ईयू म्हणजे ढोबळ १०० पिकोग्रॅम एलपीएस, म्हणजे दोनेक पिकोग्रॅम. त्याने काही होत नाही. काही न देता सीडी८६ (सेल पिकल्याची खूण) वर चढलेलं दिसत असेल तर घरचं पीबीएस, घरचं पाणी अन् एफबीएस आधी पाहा, ऑटोक्लेव्ह केलं म्हणून एलपीएस जात नाही, काचेला सुद्धा २५० डिग्रीची कोरडी उष्णता लागते. प्रोटीनवरच संशय असेल तर एक ट्यूब अर्धा तास उकळ. प्रोटीन मरेल, एलपीएस नाही. उकळूनही सेल्स पिकल्या तर चोर सापडला.

आता वायल मेली की नाही ते पाहायची तपासणी, नवीन वायल मागवायच्या आधी. एक ९६ वेलची प्लेट घे, बोन मॅरोच्या पन्नास हजार सेल्स प्रत्येक वेलमध्ये, एका ओळीत जुनी ट्यूब, एका ओळीत कोणा शेजाऱ्याच्या लॅबमधली न उघडलेली ताजी अलिकोट, मिलीला २० नॅनोग्रॅमपासून खाली तिपटीने पातळ करत करत ०.०१ पर्यंत, अन् शेवटी चार वेल सायटोकाइनवाचून. तीन दिवसांनी एमटीटी, म्हणजे जिवंत सेल्स रंगावरून मोजायची तपासणी. दोन्ही रेषा एकावर एक आल्या तर वायल निर्दोष. जुनीची रेषा दहापट उजवीकडे सरकली तर नव्वद टक्के प्रोटीन मेलं. सायटोकाइन नसलेल्या वेलमध्येही सेल्स खुशाल वाढत असतील तर मात्र तुझ्या मीडियात काहीतरी भलतंच चाललं आहे.

पण ही प्लेट टाकण्याआधी एक काम. पन्नास मिलीच्या ट्यूबमध्ये पाणी भर, त्यात कमाल-किमान दाखवणारा साधा डिजिटल थर्मामीटर सोड, इन्क्युबेटरच्या मधल्या शेल्फवर शुक्रवारी संध्याकाळी ठेव, दार बंद कर अन् घरी जा. सोमवारी एसी चालू करायच्या आधी कमालचा आकडा पाहा अन् मला कळव.